लांब काट्यांचे काळे सी अर्चिन दिसेनासे झाले, हे बरं की वाईट?

शिंपली:
२०१९ मध्ये अकाबाच्या आखातात (तांबड्या समुद्राचं उत्तरेकडचं टोक) पहिल्यांदा स्नॉर्केलिंग केलं. पाण्यातून बाहेर येताना लाटेने ढकललं, तोल सावरायला डावा पाय टेकवला आणि तो नेमका एका काळ्या, लांब काट्यांच्या अर्चिनवर (समुद्रतळावरचा काटेरी गोळ्यासारखा प्राणी) पडला. पायात रबरी बूट होते, तरी टाचेत सात काटे घुसले. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. टाचेवर काळे-जांभळे ठिपके पुढे कितीतरी दिवस होते. 'हा कोण प्राणी आहे ते कळायला हवं' म्हणून सोबतच्या मैत्रिणीने त्याचा फोटोही काढून ठेवला. तेव्हा तिथे पावलोपावली अर्चिन होते. प्रत्येक कपारीतून काट्यांची जुडी बाहेर डोकावत असायची.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा त्याच जागी गेले. या वेळी डोळ्यांत तेल घालून उतरले. तासभर तरंगले आणि एकही दिसला नाही. शेवटी एका फटीत मुठीएवढं एक पिल्लू दिसलं, बस. वाळूत मात्र पांढऱ्या, पातळ, गोल कवच्यांचे तुकडे पडलेले होते. हातात घेतला तर पापडासारखा चुरा झाला.

पहिल्यांदा हुश्श वाटलं, खोटं कशाला सांगू. पण खोलीवर आल्यावर काहीतरी चुकल्याचुकल्यासारखं होत राहिलं. कुणी म्हणतं हे अर्चिन प्रवाळांचे माळी आहेत, कुणी म्हणतं प्रवाळ कुरतडून खातात. हे सगळे गेले कुठे? आणि गेले ते बरं झालं की वाईट? जाणकारांनी सांगावं.

टिवल्या:
एका पावलात सात काटे! नेम लावून पाऊल टाकलं असतं तरी इतकं जमलं नसतं. टाच आता बरी असेल अशी आशा आहे. वाचतोय.

खोलपाणी:
शिंपली, आधी बुटांबद्दल. मी अंदमानात बरीच वर्षं डायव्हिंग शिकवतोय. नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतो की बूट हे खडक आणि शिंपल्यांपासून वाचवतात, डायडेमापासून (हेच लांब काट्यांचे अर्चिन) नाही. त्याचे काटे ३० सेंटिमीटरपर्यंत लांब होतात, टोकाला सुईहून बारीक असतात आणि आतून पोकळ. बुटांच्या निओप्रीन रबरातून ते आरपार जातात. वर त्यांच्यावर बारीक दातेरी खवले असतात आणि ते ठिसूळ असतात, म्हणून ओढायला गेलं की तुटतात.

तुम्हाला भेटला तो बहुधा डायडेमा सेटोसम. तांबड्या समुद्रापासून पॅसिफिकपर्यंत सापडतो, आमच्याकडेही आहे. ओळख सोपी आहे. वरून पाहिलं तर काळ्या अंगावर पाच पांढरे ठिपके आणि मधोमध एका फुगीर पिशवीच्या टोकाला केशरी कडं. त्याचा भाऊ डायडेमा सॅविग्न्यी, त्याला हे केशरी कडं नसतं, अंगावर निळ्या-हिरव्या चमकत्या रेघा असतात. तो फोटो असेल तर टाका इथे.

डॉ_सदाफुली:
काट्यांचं एकदा नीट लिहून ठेवते, पुढे कुणाला तरी उपयोगी पडेल.

पाण्यातून बाहेर या. पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवा, साधारण ४० ते ४५ अंश, तासभर ते दीड तास. काट्यावरचं विष सौम्य असतं आणि उष्णतेने त्याचा जोर कमी होतो, त्यामुळे ठणका उतरतो. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या, न दुखणाऱ्या पायाने बघा, नाहीतर भाजून घ्याल. वर आलेले काटे चिमट्याने सरळ रेषेत ओढा. आत मोडलेले टोकरत बसू नका. काटा चुन्याचा असतो, वरवरचे छोटे तुकडे बहुतेक वेळा शरीर काही दिवसांत जिरवून टाकतं. काळा ठिपका राहिला म्हणजे काटा आत आहेच असंही नाही, काट्याचा रंग कातडीत उतरतो.

मात्र काटा सांध्याजवळ असेल, बोट वाकेना, सूज वाढत गेली किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. सांध्यात राहिलेला तुकडा महिनोन्महिने छळतो. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही आठवून बघा.

अबोली:
डॉक्टर, एका होडीवाल्याने माझ्या भावाचा पाय दगडाने हलके हलके ठेचला होता. म्हणाला, आतल्या काट्याचा चुरा होतो आणि मग तो लवकर विरघळतो. भाऊ बराही झाला. हे चूक की बरोबर?

डॉ_सदाफुली:
अबोली, ही पद्धत मीही ऐकली आहे आणि त्यामागचा विचार अगदीच निराधार नाही, कारण चुरा लवकर जिरतो. पण ठेचताना आजूबाजूचं मांसही ठेचलं जातं, तुकडे खोल सरकतात आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते. टाचेच्या जाड कातडीत निभावलं असेल. बोटाच्या सांध्यावर कुणी असं करू लागलं तर मी हात धरीन. आणि कुणीतरी विचारणारच म्हणून आत्ताच सांगते, लघवीचा काही उपयोग होत नाही.

प्रयोगवही:
शिंपलींचा मूळ प्रश्न मोठा आहे आणि त्याचं उत्तर चाळीस वर्षांपूर्वी कॅरिबियनमध्ये मिळून चुकलंय. त्यासाठी मोजलेली किंमत फार होती. थोडं सविस्तर लिहितो.

तिकडे याच कुळातला डायडेमा अँटिलारम असतो. १९८३ च्या आधी जमैकाच्या उथळ प्रवाळभित्तीवर (प्रवाळांनी बांधलेल्या खडकावर) एका चौरस मीटरमध्ये सरासरी दहाच्या आसपास अर्चिन असायचे. जेवणाच्या टेबलाएवढ्या जागेत दहा-पंधरा काटेरी गोळे, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. दिवसा कपारीत बसायचं, अंधार पडला की बाहेर पडून खडकावरचं शेवाळ खरवडायचं. सेंट क्रॉई बेटाजवळ प्रवाळांच्या छोट्या उंचवट्यांभोवती समुद्री गवताच्या कुरणात उघड्या वाळूचं कडं दिसायचं. जॉन ऑग्डन आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं की हे कडं अर्चिनच चरून तयार करतात. रात्री जेवढं लांब जाऊन पहाटेपर्यंत परतता येतं, तेवढी कड्याची रुंदी. एका उंचवट्यावरचे सगळे अर्चिन काढले, तर कडं भरून आलं.

१९८३ च्या जानेवारीत पनामा कालव्याच्या कॅरिबियन बाजूच्या तोंडाजवळ ते मरायला लागले. हारिलाओस लेसिओस हे स्मिथसोनियन या अमेरिकी संस्थेच्या तिथल्या संशोधन केंद्रात होते, त्यांनी नोंदी ठेवल्या. आधी काट्यांवर गाळ साचू लागतो, कारण अंग स्वच्छ ठेवण्याची ताकद राहत नाही. मग नळीपायांची (अंगावरच्या बारीक, चिकटणाऱ्या नळ्यांची) पकड सुटते. दिवसाउजेडी उघड्यावर येतात, काटे गळतात, कातडी सुटते, मासे तुटून पडतात. काही दिवसांत पांढरं कवच उरतं. प्रवाहांबरोबर ही साथ सरकत गेली आणि जेमतेम वर्षभरात सगळा कॅरिबियन, फ्लोरिडा, बहामा, बर्म्युडापर्यंत पोचली. जिथे मोजणी झाली होती तिथे शंभरातले ९३ ते ९९ अर्चिन मेले. त्याच खडकांवरच्या दुसऱ्या जातींच्या अर्चिनना काही झालं नाही. ती साथ आणणारा जंतू कधीच सापडला नाही.

आणि मग शेवाळ वाढलं. प्रवाळांचे अभ्यासक टेरी ह्यूज यांनी १९९४ मध्ये जमैकाचे आकडे मांडले, ते मला कायम आठवतात. १९७७ मध्ये भित्तीवर जिवंत प्रवाळ सुमारे ५२ टक्के होतं, १९९३ मध्ये ३ टक्के. मोठं शेवाळ ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर. प्रवाळाची अळी स्वच्छ, कठीण खडकावर रुजते. गुडघाभर शेवाळाच्या गादीत तिला पाय रोवायला जागाच मिळत नाही.

म्हणून माझं उत्तर, वाईट. फार वाईट.

टिवल्या:
५२ वरून ३! दोनदा वाचलं.

ध्रुवमत्स्य:
प्रयोगवही, माहिती छान आहे, पण निष्कर्ष मला घाईचा वाटतो. जमैकात १९८० साली ॲलन चक्रीवादळाने प्रवाळ मोडून टाकलं होतं. मासेमारीने शेवाळ खाणारे मासे आधीच संपत आले होते. सगळं अर्चिनच्या मरण्यावर कसं टाकता येईल?

दुसरं, अर्चिन खडक खरवडतो तेव्हा नुसतं शेवाळ खात नाही. त्याच्या दातांखाली चुनखडकही जातो. बार्बाडोसमध्ये याच डायडेमाने किती खडक झिजवला याची मोजमापं झाली आहेत, आणि तिथे दाटी असलेल्या भित्तीवर ही झीज लक्षणीय होती. केनियाच्या किनाऱ्यावर जिथे मासेमारी जास्त, तिथे अर्चिन बेसुमार वाढून भित्तीच झिजल्याचे अभ्यास आहेत. 'माळी' हा शब्द गोड आहे, पण माळी बागेची माती उकरून खात नाही.

प्रयोगवही:
ध्रुवमत्स्य, दोन्ही मुद्दे बरोबर आहेत. ह्यूज यांचंही म्हणणं तेच होतं की घाव एकापाठोपाठ एक बसले. मासे गेले होते म्हणून शेवाळ आवरायचं सगळं काम अर्चिनवर येऊन पडलं होतं. चक्रीवादळानंतर प्रवाळ पुन्हा रुजायला लागलंही होतं. मग अर्चिन गेले आणि त्या कामाला मागे कुणीच उरलं नाही. एकाच खांबावर घर उभं होतं, तो खांब पडला.

केनियाचं उदाहरण माझ्या बाजूनेही वाचता येईल. तिथे अर्चिन खाणारे मासे माणसाने काढले, म्हणून अर्चिन माजले. मासेमारी बंद असलेल्या संरक्षित भागात त्यांची संख्या आटोक्यात असते. प्राणी तोच, किती आहेत आणि शेजारी कोण आहे त्यावर त्याचा उपयोग की उपद्रव ते ठरतं.

खोलपाणी:
अर्चिन खाणारे म्हटलं की ट्रिगरफिश आठवतो. तांबड्या समुद्रात हान्स फ्रिके या संशोधकाने त्याची शिकार बारकाईने पाहिली होती. मासा तोंडाने पाण्याचा फवारा मारतो, अर्चिनच्या बुडाखाली. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. अर्चिन उलटला की खालची बाजू उघडी पडते. तिथे काटे आखूड असतात. मग थेट तोंडाजवळून फोडतो. कधी एखादा काटा दातात धरून अख्खा अर्चिन वर उचलतो आणि सोडून देतो, खाली पडता पडता तो उलटतो.

मी स्वतः एकदाच पाहिलंय. मासा इतका रमला होता की मी हातभर अंतरावर आलो तरी त्याने बघितलं नाही. पाच मिनिटांत वाळूवर नुसत्या काड्या पसरल्या होत्या.

ओहोटी:
माझ्याकडे खाऱ्या पाण्याच्या टाकीत चार वर्षं एक डायडेमा सेटोसम होता, त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

रात्री तो काळा राहत नाही! दिवे बंद करून तासाभराने अंधूक टॉर्च लावला की राखाडी दिसायचा, काट्यांवर फिकट पट्टे यायचे. सकाळी दिवे लागले की हळूहळू पुन्हा काजळासारखा. त्याच्या कातडीतल्या रंगपेशी उजेडात पसरतात आणि अंधारात आक्रसतात.

काचेवर चढला की खालून तोंड दिसायचं. पाच पांढरे दात, पाकळ्यांसारखे मिटतात-उघडतात. मागे चाळीस तुकड्यांचा सांगाडा असतो, त्याला ॲरिस्टॉटलचा कंदील म्हणतात. दात झिजतात आणि मागून सतत वाढत राहतात. रात्री शांत असताना त्याचं खरवडणं ऐकू यायचं, पाटीवर पेन्सिल फिरवल्यासारखं. सकाळी काचेवर पाच टोकांच्या चांदण्यांची नक्षी उमटलेली असायची, जिथे जिथे तोंड टेकलं तिथे.

आणि सावली. टाकीवरून नुसता हात फिरवला तरी त्या बाजूचे सगळे काटे हाताकडे वळायचे, गवतातून वारा जावा तसे. त्याला डोळे नाहीत, तरी कळायचं.

टिवल्या:
डोळे नाहीत कसे? फोटोत तर मधोमध केशरी कड्याचा टपोरा डोळा रोखून बघत असतो. मी तर कायम त्याच्या नजरेला नजर द्यायचं टाळत आलोय.

खोलपाणी:
टिवल्या, तो डोळा नाही. ती गुदद्वाराची पिशवी आहे. तोंड खाली, गुदद्वार वर, अशी त्याची रचना असते.

टिवल्या:
एवढा मान मी आजवर कुणाच्या कशाला दिला होता ते आत्ता कळलं. :हाहा:

प्रयोगवही:
:हाहा: ओहोटी यांनी सावलीचं लिहिलंय त्यावर जमैकातच नॉर्मन मिलट यांनी १९५० च्या दशकात खूप काम केलं. डायडेमाची सगळी कातडीच उजेड ओळखते. पाच पांढरे ठिपकेसुद्धा डोळे नाहीत. २०१८ मध्ये आफ्रिकी डायडेमावर प्रयोग झाले, त्यात तो गोल रिंगणात गडद आकार ओळखून त्याच्या दिशेने गेला. म्हणजे अंधुक का होईना, दिसतं. अंगभर पसरलेली नजर म्हणा.

ओहोटी, चार वर्षांनी त्याचं काय झालं?

ओहोटी:
टाकीत मावेनासा झाला. काटे काचेच्या दोन्ही बाजूंना टेकायला लागले. सार्वजनिक मत्स्यालयाला दिला. निघताना बादलीत सावली पडली तर काटे माझ्याकडेच वळले होते. अजून आठवण येते.

चांदणचकवा:
अवांतर होईल, पण या अर्चिनचं आणि चंद्राचं नातं सांगितल्याशिवाय धागा पुरा होणार नाही.

समुद्रातले अर्चिन पौर्णिमेला भरलेले असतात अशी समजूत भूमध्य समुद्राच्या काठी ॲरिस्टॉटलच्या काळापासून होती. मन्रो फॉक्स नावाचे शास्त्रज्ञ १९२० च्या दशकात इजिप्तमध्ये होते, त्यांनी हे खरं का ते तपासलं. भूमध्य समुद्रातले अर्चिन पाहिले, तर चंद्राशी काही संबंध सापडला नाही. मग सुएझला तांबड्या समुद्रातला डायडेमा सेटोसम पाहिला, तर तिथे संबंध अगदी स्पष्ट. दर चांद्रमासात अंडी-शुक्राणू भरत जायचे आणि पौर्णिमेच्या सुमारास पाण्यात सोडले जायचे. जुनी समजूत एका समुद्रात खोटी निघाली आणि शेजारच्या समुद्रात खरी! १९२४ मध्ये त्यांनी हे छापलं.

शिंपली, तुमच्या टाचेत काटे मोडले ती रात्र कोणती होती, आठवतंय का?

शिंपली:
चांदणचकवा, दिवस आठवत नाही, पण झोप नसल्याने गॅलरीत बसले होते आणि पाणी चंदेरी दिसत होतं एवढं आठवतं. आता ते वेगळंच वाटतंय.

सगळ्यांचे खूप आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. पण एक प्रश्न उरतोच. कॅरिबियनमधले १९८३ ला गेले. मी २०२३ मध्ये, दुसऱ्या समुद्रात, दुसऱ्या जातीचे अर्चिन शोधत होते. त्यांना कुणी मारलं?

अबोली:
आणि माझाही एक. चाळीस वर्षांत कॅरिबियनमधले परत का नाही आले? एक मादी लाखो अंडी देत असेल ना?

प्रयोगवही:
अबोलींचं आधी घेतो. अंडी लाखोंनीच असतात. पण नर आणि मादी दोघंही आपापलं पाण्यात सोडून देतात, गाठ पडली तर पडली. दाटी असेल तर एकाने सोडलं की शेजारीही सोडतात आणि पाणी दाट होतं. शेजारी पन्नास फुटांवर असेल तर शुक्राणू पाण्यात विरून जातात. म्हणजे थोडे उरले की थोडेच राहतात. त्यातून जी अळी तयार होते ती दोन लांबलचक हातांची, पारदर्शक, आणि कित्येक आठवडे प्रवाहाबरोबर वाहत राहते. ती शेवटी टेकायला येते तेव्हा खाली स्वच्छ खडक हवा, आणि तिथे तर शेवाळ. शिवाय मोठ्या अर्चिनच्या काट्यांखाली पिल्लांना आसरा मिळतो, मोठेच नाहीत तर आसराही नाही. तीस वर्षांनी लेसिओस यांनी आढावा घेतला तेव्हा संख्या जुन्या संख्येच्या सुमारे १२ टक्के भरली होती.

आता शिंपलींचं. २०२२ च्या जानेवारी अखेरीस कॅरिबियनमध्ये सेंट थॉमस बेटाजवळ अर्चिन पुन्हा तसेच मरू लागले. त्या वर्षात साथ बेटामागून बेटं घेत गेली. या वेळी मात्र हात टेकावे लागले नाहीत. इयन ह्यूसन, माया ब्राइटबार्ट आणि इतरांनी आजारी अर्चिनमध्ये एक सूक्ष्म, केसाळ एकपेशीय जीव शोधला, फिलॅस्टर गटातला. तो प्रयोगशाळेत वाढवला, निरोगी अर्चिनच्या पाण्यात सोडला, तर तेही तसेच आजारी पडून मेले. एप्रिल २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

त्याच २०२२ च्या उन्हाळ्यात ग्रीसच्या कास्तेलोरिझो बेटाजवळ डायडेमा सेटोसम मरताना दिसले. मग अकाबाचं आखात. तेल अवीव विद्यापीठाचे ओमरी ब्रॉन्स्टाइन यांच्या गटाने पाहिलं की निरोगी अर्चिन दोन दिवसांत नुसता सांगाडा होतो. पुढे ओमान, आणि हिंदी महासागरातलं रियुनियन बेट. २०२४ मध्ये त्यांनी दाखवलं की कॅरिबियनमध्ये सापडलेला जीव आणि हा एकच. शिंपली, तुम्ही वाळूत पाहिलेले कवच्यांचे तुकडे त्यातलेच असणार.

शिंपली:
म्हणजे मी हातात धरून चुरा केला तो... वाचून थांबले थोडा वेळ.

ध्रुवमत्स्य:
एक दुरुस्तीवजा भर. भूमध्य समुद्रात डायडेमा सेटोसम हा मूळचा नाही. सुएझ कालव्याच्या वाटेने आलेला मानतात, तिथली पहिली नोंद २००६ मध्ये तुर्कस्तानच्या काश गावाजवळची. तिथे तो झपाट्याने वाढत होता. त्यामुळे कास्तेलोरिझोला तो मेला याचं तिथल्या काही जणांना वाईट वाटलं नसेल. पण हाच पाहुणा आपल्या रोगासकट घराच्या समुद्रापर्यंत साखळी जोडून गेला असेल, तर ती गोष्ट भयंकर आहे.

आणि प्रयोगवही, तांबड्या समुद्रात शेवाळ खाणारे मासे अजून बऱ्यापैकी आहेत. सर्जनफिश, पॅरटफिश. जमैकाची पुनरावृत्ती होईलच असं नाही. हे मी वाद म्हणून नाही, आशा म्हणून लिहितोय.

प्रयोगवही:
ही आशा मलाही आहे. म्हणूनच तिथल्या माशांना हात लावू नये असं वाटतं. दुसरा खांब आहे तोवर तो तरी जपावा.

खोलपाणी:
रोग एकाच वेळी इतक्या दूर कसा उडाला, याबद्दल बोटींच्या तळातल्या पाण्यावर संशय घेतला जातो. २०२२ मध्ये सुरुवातीच्या बऱ्याच जागा बंदरांजवळच्या होत्या. आम्ही आता दोन डाइव्हच्या मध्ये सामान गोड्या पाण्याने धुऊन नीट वाळवतो. माझ्या नेहमीच्या जागी या हंगामात अर्चिन धडधाकट दिसले. प्रत्येक वेळी काटे ताठ आहेत ना ते बघतो, आधी कधी बघत नव्हतो.

अबोली:
परत आणण्याचे काही प्रयत्न आहेत का?

प्रयोगवही:
आहेत. फ्लोरिडात प्रयोगशाळेत अळ्यांपासून अर्चिन वाढवायला जमलंय, फार कष्टाने. कॅरिबियनमधल्या साबा आणि सेंट युस्टेशियस बेटांजवळ डच संशोधकांनी वेगळी शक्कल लढवली. मत्स्यालयाच्या गाळणीत घालतात ते काटेरी प्लास्टिकचे चेंडू दोरीला बांधून पाण्यात टांगले. वाहत आलेल्या अळ्या त्यांवर टेकतात. मग ते चिमुकले अर्चिन वेचून, टाकीत थोडे मोठे करून भित्तीवर सोडायचे. सोडल्यावर बरेचसे खाल्ले जातात. पण जिथे टिकतात तिथला खडक स्वच्छ दिसायला लागतो.

ओहोटी:
त्या चेंडूंवर टेकलेलं पिल्लू कसं दिसत असेल! माझ्याकडे आला तेव्हा तो लिंबाएवढा होता आणि काट्यांवर पांढरे पट्टे होते. पिल्लांचे काटे असे पट्टेरी असतात, मोठेपणी काळे होतात.

खोलपाणी:
अर्चिन गेला की त्याच्यासोबत कोण जातं हेही बघायला हवं. रेझरफिश डोकं खाली, शेपटी वर करून काट्यांमध्ये उभे राहतात. इतके बारीक आणि उभ्या काळ्या पट्टीचे की काटाच वाटतात. चिकटमासा काट्यांना समांतर तरंगतो आणि घरमालकाचे नळीपायही कुरतडतो. काट्याच्याच आकाराची, काट्यालाच बिलगून राहणारी एक कोळंबी आहे. इंडोनेशियात सुलावेसीजवळ बांगाई बेटांवर आठ सेंटिमीटरचा बांगाई कार्डिनलफिश असतो. त्याचा नर अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळतो, तेवढे दिवस जेवत नाही. तोंडातून सोडली की पिल्लं सरळ डायडेमाच्या काट्यांत शिरतात. त्यांना समुद्रभर वाहत जाण्याची अवस्थाच नाही. जन्मली तिथेच राहायचं, म्हणजे ते काटे हेच घर.

शिंपली, फोटो राहिला.

शिंपली:
शोधत होते, म्हणून दोन दिवस आले नाही. मैत्रिणीच्या जुन्या फोनमध्ये निघाला.

२०१९ मध्ये मी तो एकदाच पाहिला होता आणि संतापाने बाजूला टाकला होता. आज मोठ्या पडद्यावर लावला. काळ्या अंगावर पाच पांढरे ठिपके आहेत. केशरी कडं अगदी स्पष्ट आहे. खोलपाणी, तुमच्याच पहिल्या प्रतिसादातला सेटोसम. एका बाजूचे काटे अर्धवट मोडलेले आहेत, ते माझ्याच टाचेत गेलेले. बाकीचे सगळे कॅमेऱ्याकडे वळलेत. मैत्रीण वाकली असणार, तिची सावली पडली असणार.

आणि काट्यांच्या मुळाशी काहीतरी चमकत होतं. मोठं करून पाहिलं. नखाएवढे मासे, अंगावर आडव्या बारीक रेघा, शेपटीपाशी पिवळसर डाग. अकरा मोजले. बारावा आहे की काटा आहे ते ठरत नाहीये. मी पाय दिला तेव्हाही ते तिथेच होते, आणि नंतरही हलले नव्हते.

फोटो खाली जोडते आहे. खोलपाणी, प्रयोगवही, हे मासे कोणते?

खोलपाणी:
कार्डिनलफिशच, बहुतेक त्यातला चेलोडिप्टेरस हा प्रकार. रेघा आणि शेपटीचा पिवळा डाग जुळतोय. तांबड्या समुद्रात ते बऱ्याचदा डायडेमाच्या काट्यांत राहतात. आणि बारावाही मासाच आहे, उजवीकडच्या दोन काट्यांच्या मध्ये त्याचा डोळा दिसतोय बघा.